आजीच्या वाटेचे पाचशे डोंग

जालना जिल्ह्यातून परदेशी जायच्या वाटा तशा थोड्या. पोरगं हुशार निघालं तर शिक्षणाची एक वाट आहे. पण सर्वांत खात्रीची वाट कपाशीच्या बियाण्यातून जाते. बियाण्याची कंपनी हंगामाआधी दुकानदारांना टार्गेट देते आणि जो तितक्या पिशव्या खपवील त्याला बाली, थायलंड, दुबई असं कुठंतरी फिरवून आणते. त्यामुळे गोवा कधी पाहिलेला नाही, पण बँकॉकचा विमानतळ दोनदा पाहिलाय, अशी माणसं परतूर आणि अंबड तालुक्यांत सहज भेटतात.

कचरू पुंजाराम वायाळ हे त्यांतलेच. वाटूर फाट्यावर त्यांचं बी-बियाण्यांचं आणि खताचं दुकान आहे, मागेच घर. दुकानासमोर एक लांब लोखंडी बाक आहे. तो त्यांनी गिऱ्हाइकांसाठी टाकला होता, पण त्यावर बसतात एसटीचे प्रवासी. जालन्याची गाडी असो, परतूरची असो की मंठ्याची, वाट पाहायला सावली तेवढीच. कचरूभाऊ कुणाला उठवत नाहीत. फाट्यावर दुकान टाकायचं आणि थांबलेल्या माणसाचा राग करायचा, हे त्यांना पटत नाही.

त्यांच्या नावाची गोष्ट त्या भागात कुणाला सांगावी लागत नाही. आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. चौथ्यावर यमाची नजर जाऊ नये म्हणून आईने त्याचं नाव कचरू ठेवलं. मात्र नुसत्या नावावर विसंबणं तिला धोक्याचं वाटलं असावं. त्याच सुमारास गावात नव्वदी ओलांडलेला एक म्हातारा वारला. असं पिकलं पान गळालं की तिरडीवरून लाह्या आणि चिल्लर उधळतात, आणि लोक ती चिल्लर वेचतात. गल्ल्यात ठेवली तर बरकत, लेकराच्या गळ्यात बांधली तर म्हाताऱ्याच्या वयातलं थोडं लेकराला. आईने गर्दीत घुसून निजामाच्या वेळचा एक हाली पैसा उचलला. तो पैसा तेव्हाच बाजारात बंद पडला होता. पण कचरूभाऊ जगले, साठीला टेकले, रक्तदाब सोडला तर धडधाकट आहेत. तेव्हा बाजारात न चालणारा पैसासुद्धा एका ठिकाणी चालतो, ही गोष्ट त्यांच्या लेखी सिद्ध झालेली होती. पुढचं सगळं त्या सिद्धान्तामुळे झालं.

व्हिएतनामची सहल ठरली तेव्हा त्यांची सून शीतल पाचव्या महिन्यात होती. तिची आधीची दोन सातव्यात गेली होती. कारण सांगता येत नाही, असं डॉक्टरने दोन्ही वेळेस सांगितलं होतं. पहिली खेप तरी माणूस नशिबावर ढकलतो; दुसऱ्या खेपेनंतर घरातले सगळे हळू बोलायला लागले. शीतल टेंभुर्णीची. आई नाही, म्हणून माहेरपणाला जायचा प्रश्न नव्हता. नवरा धर्मराज जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात कामाला, सुटीच्या दिवशी यायचा आणि बायकोच्या पोटाकडे न बघता तिच्या तब्येतीची चौकशी करायचा.

"पोरीचे दिस असे, अन् तुम्ही इमानात बसून चालले," दैवशालाबाई नवऱ्याची बॅग भरताना म्हणाल्या.

"मी हितं राहून काय करू? मला का बाळंतपण येतं?"

"जा मंग. पर येताना तिच्यासाठी कायतरी आणा. इमानात फुकट भेटती ती बिस्किटं नका आणू."

"आणतो की."

"बराबर बघून आणा. पोरीच्या कामाचं."

कंपनीने पन्नासेक दुकानदार नेले. त्यात जालन्याचे पारसशेठ होते, बियाण्यांचे मोठे वितरक. शेटजींच्या घराण्याला राजस्थानातून येऊन चार पिढ्या झाल्या, आणि परदेशवारीच्या बाबतीत तेच सर्वांचे गुरुजी. त्यांनी निघण्याआधीच बजावलं होतं, "कचरूशेठ, रुपये घेऊन नका येऊ. आपला रुपया तिथं नुसता कागद आहे. संभाजीनगरला डॉलर करा. तिथं गेलं की डॉलरचे डोंग."

"दोनदा बदलायचं? मंग दोनदा कापणार."

"कापणारच. विमानतळावर बिलकुल बदलू नका, तिथं तर चामडी काढतात. हनोईत सोनाराच्या दुकानात भाव बरा भेटतो."

सोनाराकडे जाऊन पैसे बदलायचे, ही गोष्ट कचरूभाऊंना ओळखीची वाटली. त्यांनी तीनशे डॉलर दिले आणि अठ्ठ्याहत्तर लाख डोंग घेऊन बाहेर पडले. फाट्यावरच्या कुणाही माणसाने आयुष्यात एवढी रक्कम खिशात घातली नव्हती. अडचण एवढीच की नारळपाणी वीस हजाराला होतं. प्रत्येक नोटेवर तोच दाढीवाला म्हातारा, शून्यं मोजता मोजता डोळे दुखायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी नारळवालीला वीस हजाराची म्हणून पाच लाखांची नोट दिली, दोन्ही निळ्याच. बस सुटायला आली तेव्हा ती बाई टोपली टाकून पळत आली आणि खिडकीच्या काचेवर ती नोट आपटायला लागली. सगळ्या बसने टाळ्या वाजवल्या. आपल्याकडचं कुणी एवढं पळालं असतं का, यावर पुढचा तासभर चर्चा झाली आणि नाही असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी हनोईच्या दक्षिणेला, भातशेतातल्या एका अरुंद रस्त्यावर, छोट्या पुलाच्या अलीकडे बस थांबली. समोरून मयत येत होती.

आधी बँड, मग पांढऱ्या पट्ट्या डोक्याला बांधलेली माणसं, मग सोनेरी नक्षीची गाडी. सर्वांत पुढे एका माणसाने मोठा फोटो छातीशी धरला होता. फोटोत एक म्हातारी होती. डोक्याभोवती मखमली कापडाचं वेटोळं, आणि तोंड भरून हसू. तिचे दात काळे कुळकुळीत होते, जन्मभर मिशरी लावल्यासारखे. सहलीतले लोक मोबाइल घेऊन खाली उतरले. पारसशेठ व्हिडिओ काढत राहिले. आणि कचरूभाऊंनी पाहिलं, की एक माणूस पिशवीतून मुठी भरभरून कागद उधळत चालला आहे. पिवळे, पांढरे, आणि मधेच खऱ्या नोटा.

त्यांना परक्या मुलखात पहिल्यांदाच काहीतरी समजलं. भाषा कळत नव्हती, जेवण कळत नव्हतं, शून्यं कळत नव्हती. पण पिकलं पान गळालंय, पैसे उधळतायत, हे सातासमुद्रापलीकडंही तसंच होतं. गाडी पुढे गेली. पुलाच्या तोंडाशी एक गुलाबी नोट पडली होती. पाचशे डोंग. आपल्या हिशेबाने पावणेदोन रुपये. त्यांनी चप्पल काढली, नोट उचलून कपाळाला लावली आणि रुमालात गुंडाळली. त्यांच्याखेरीज कुणी काही उचलत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. इथले लोक सुखी असतील, लेकरं जगत असतील, असा अर्थ त्यांनी लावला.

घरी आल्यावर दैवशालाबाईंनी नोट उलटून पालटून पाहिली. मागच्या बाजूला बंदर होतं, बोटी होत्या.

"किती वर्षांची होती म्हणता?"

"नव्वदीच्या पुढं असंल. लई हसरी होती."

"दात होते?"

"सगळे."

दैवशालाबाईंना यापेक्षा जास्त पुरावा नको होता. त्यांनी नोटेची बारीक घडी करून तांबड्या कापडात शिवली आणि काळ्या दोऱ्याने शीतलच्या दंडाला बांधली. बाळंत होईपर्यंत उतरवायची नाही. मधेच उतरवलं तर बांधलं होतं त्याच्या उलटं होतं, हे त्यांनी सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं.

सहलीचा व्हॉट्सॲप ग्रुप सहल संपली तरी चालूच होता. महिनाभराने पारसशेठनी त्यावर त्या मयतीचा व्हिडिओ टाकला. खाली कुणीतरी विचारलं, हे लोक पैसे काहून फेकतात? ग्रुपमध्ये तिथला गाइडही होता. आपल्याकडच्या सहली फिरवून फिरवून तो मोडकी हिंदी शिकला होता. त्याने आवाजात उत्तर पाठवलं. कचरूभाऊंनी ते दुकानात, गिऱ्हाइकाला युरिया देता देता ऐकलं.

"सर, वो पैसा रास्ते का है. जिसका कोई नहीं, वो सब आत्मा रास्ते में खड़ा रहता है. पुल पे, मोड़ पे. दादी को जाने का, तो उनको देना पड़ता है. पैसा कम, तो दादी रुक जाता है. इसलिए कोई उठाता नहीं."

खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. अंबडच्या अंगदने लिहिलं, म्हणजे तिकडं बी टोलनाका. त्याला सर्वांनी अंगठे दिले.

कचरूभाऊंनी गाइडला वेगळा फोन लावला. "भाई, किसीने एक नोट उठाया तो?"

"कोई नहीं उठाता सर."

"समझो, उठाया."

 मग तो म्हणाला, "तो उधर दादी खड़ा रहेगा."

उधर म्हणजे पुलाच्या तोंडाशी. कचरूभाऊंनी फोन ठेवला आणि युरियाचे पैसे घ्यायचे विसरले. त्यांच्या धंद्यात हे आजवर झालं नव्हतं.

दोन दिवसांनी, टळटळीत दुपारी, मंठ्याची गाडी आली आणि बाकावरचे सगळे चढले. बाकाच्या कडेला एक बाई राहिली. गाडी चुकली असेल, असं कचरूभाऊंना वाटलं. मग परतूरची आली, गेली. बाई तिथंच. तपकिरी झगा, दोन्ही पाय वर घेऊन बसलेली, आपल्याकडच्या म्हाताऱ्या बसतात तशी. पायांत काही नव्हतं. त्यांनी काउंटरवरूनच विचारलं, "मावशी, कुठं जायचं?"

तिने मान वळवली. ती हसरी नव्हती. फोटोत माणूस हसतो, रोज कोण हसतं. पण डोक्याचं वेटोळं तेच होतं.

कचरूभाऊ शिकलेले आहेत, बारावी शास्त्र. त्यांनी पाणी प्यायलं, रक्तदाबाची गोळी घेतली आणि पुन्हा पाहिलं. ती फाट्याकडे बघत होती. तीन रस्ते, आणि आपला कुठला हे न कळलेल्या माणसाचं बघणं. फाट्यावर दुकान असणाऱ्याला ते रोज दिसतं.

त्यानंतर ती रोज यायची. यायची म्हणणं बरोबर नाही, असायची. तिने कुणाला त्रास दिला नाही, कधी आवाज केला नाही, कुणाचं काही सांडलं नाही. पण बाक कितीही भरला तरी ती कड मोकळी राहायची. कुणी ठरवून सोडत नव्हतं. ओलं असेल तिथं माणूस जसा आपोआप टेकत नाही, तसं. एकदा एका कॉलेजच्या पोरीने तिथं दप्तर ठेवलं आणि लगेच उचलून मांडीवर घेतलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

कचरूभाऊंना तिची भीती वाटत नव्हती. भीती वेगळीच होती, आणि ती सातव्या महिन्याची होती. एखाद्याची वाट अडवून आणलेली वस्तू त्यांनी सुनेच्या दंडाला बांधली होती. त्या वस्तूची मालकीण समोर येऊन बसली होती. तिने अजून मागितलं नव्हतं. मागेल तेव्हा काय मागेल, हे त्यांना कळत होतं.

त्यांनी आधी सोपे उपाय केले. संभाजीनगरला जाऊन तसल्याच पाचशे डोंगांची चौकशी केली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, डोंग आम्ही ठेवत नाही, आणि पाचशेची नोट तर तिकडंही कुणी घेत नाही काका. बॅगेत उरलेला वीस डॉलरचा कागद त्यांनी एका सकाळी म्हातारीपुढे बाकावर ठेवला, वर चांदीचा एक रुपया. ती त्या पैशांकडे अशी बघत राहिली, की हनोईच्या हॉटेलवाल्याने त्यांच्या शंभर रुपयांच्या नोटेकडे पाहिलं होतं ते कचरूभाऊंना आठवलं. उपमर्द नव्हता त्यात. चालत नाही, एवढंच. त्यांनी पैसे उचलून घेतले.

मग पुन्हा गाइड. "भाई, तू एक काम कर. पाँचसौ का नया नोट लेके उधरीच डाल दे. पैसा मैं भेजता."

"पैसा नको सर," एवढं मराठी त्याला येत होतं. चांगला माणूस. दुसऱ्याच दिवशी त्याने पुलावर जाऊन नोट टाकली, फोटो पाठवला. कचरूभाऊंनी फोटो मोठा करून पाहिला, मान वर केली. म्हातारी जागेवरच होती. संध्याकाळी गाइडचा आवाज आला, "सर, मेरी माँ बोलती है, जो उठाया, वही रखेगा. वही नोट. खुद के हाथ से."

उधार-उसनवारी, हुंडी, ऑनलाइन, कशालाही जे जमत नाही असं एक देणं जगात असतं, हे कचरूभाऊंना साठाव्या वर्षी कळलं.

तेव्हा नोट दंडावरून काढणं आलं. शीतलला सातवा लागून आठवडा झाला होता. दैवशालाबाई बहिणीकडे अंबडला गेलेल्या पाहून ते दुपारी दुकानातून घरी आले. शीतल मधल्या खोलीत भिंतीला टेकून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.

"पोरी, तो दोरा जरा दे. मळलाय. नवा बांधू."

"मामी आल्यावर बांधतेल की."

"मीच बांधतो ना."

"मामा, तुम्हाला सुईत दोरा ओवता येत न्हाई," ती हसली. मग तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं. "काय झालं?"

ते खाली बसले. पुलापासून टोलनाक्यापर्यंत सगळं सांगितलं. म्हातारीचं मात्र सांगितलं नाही. गरोदर बाईला असलं सांगत नसतात. नुसतं म्हणाले, की ते पैसे बरे नव्हते, माझी समजूत चुकली.

शीतलने बराच वेळ शेंगा फोडल्या. मग विचारलं, "मामा, ती बाई मिशरी लावती का?"

"कोण बाई?"

"दात काळे हायेत तिचे."

कचरूभाऊंनी फोटोतल्या दातांच्या रंगाचं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सगळे होते, एवढंच सांगितलं होतं.

"हितं बसती दुपारची," शीतल म्हणाली आणि शेंगांच्या टोपलीपलीकडच्या जागेकडे हनुवटीने दाखवलं. "मामी झोपल्या की. पहिल्या दिवशी घाबरले. मंग बघितलं तर ती नुसती बसून राह्यली. मी झोपले तरी बसून. मागल्या दोन्ही टायमाला मामा, मी एकटीच होते. तुम्ही सगळे होते घरात, पर मी एकटीच होते. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं."

कचरूभाऊंनी एक शेंग उचलली आणि न फोडता टोपलीत परत टाकली.

"ती बघती," शीतल म्हणाली.

"पोरी, तिची वाट अडली हाय. आपल्यामुळं. ती बसायला न्हाई आली, अडकून पडलीय."

"म्हाईत हाय."

"तिला सोडायला पाहिजे."

"सोडू की. म्या कुठं न्हाई म्हन्ले? बाळंत होऊ द्या. मंग मी माझ्या हातानं दोरा काढून देते तुम्हाला." तिने पदर दंडावरून ओढून घेतला. "पर आता न्हाई देनार. तुम्ही ओढून घेतला तर घ्या."

ओढून घेणारा माणूस वेगळा असतो. कचरूभाऊ चप्पल घालून दुकानात परत आले. बाकाची कड त्या दुपारी रिकामी होती, आणि कुठं असेल हे त्यांना आता माहीत होतं.

सातवा गेला. घरात कुणी त्याचा उच्चार केला नाही. दैवशालाबाई देवाला आणि दंडाला आळीपाळीने हात लावत होत्या. आठवाही गेला. जालन्याच्या दवाखान्यात शीतल बाळंत झाली, मुलगी. वजन कमी होतं, पण रडणं दणदणीत होतं. परिचारिका म्हणाली, हिला कुणी गप्प करू शकायचं नाही. धर्मराज बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि खांदे हलायचे थांबेपर्यंत तसाच राहिला. कचरूभाऊंनी पेढे वाटले. पंधरवड्यापूर्वी त्यांनी पासपोर्ट कपाटातून काढून गल्ल्यात ठेवला होता आणि हनोईच्या तिकिटाचा भाव विचारून ठेवला होता. पावणेदोन रुपये परत करायला जाऊन-येऊन पन्नास हजारांचा खर्च होता. त्यांची तयारी होती.

घरी आल्यावर त्यांनी शीतलकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही.

"सव्वा महिना होऊ द्या मामा," ती म्हणाली.

सव्वा महिना झाला. दैवशालाबाईंनी तोच तांबडा ताईत आईच्या दंडावरून काढून लेकीच्या कमरेला बांधला. त्यांच्या मते यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. शीतलने अडवलं नाही. कचरूभाऊ दारात उभे होते.  पोरगी त्या दिवशी पहिल्यांदा नजर लावून बघत होती.

"थोडं बाळसं धरू द्या," शीतल नंतर म्हणाली. "लईच हलकी हाय."

मग पोरीला ताप आला, तेव्हा काढणं शक्यच नव्हतं. मग ताप उतरला, आणि कशामुळे उतरला हे कुणाला माहीत नसल्यामुळे तेव्हाही शक्य नव्हतं. मग दात. या सगळ्यात कचरूभाऊ रोज विचारायचे, आणि शीतल रोज उद्याचं सांगायची. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की तिने नाही म्हटलं की आपल्याला बरं वाटतं. त्यांनी विचारणं बंद केलं. पासपोर्ट पुन्हा कपाटात गेला.

म्हातारी दुपारी घरात असायची आणि इतर वेळी बाकावर. पोरगी वाढत होती. म्हातारी मात्र थोडी थोडी बारीक झाल्यासारखी वाटायची. भूत बारीक होतं की नाही, हे कचरूभाऊंना माहीत नव्हतं, आणि गाइडच्या आईला विचारायची छाती नव्हती. गाइडने दिवाळीला शुभेच्छांचं चित्र पाठवलं, त्याला त्यांनी अंगठा दिला.

पुढल्या हंगामाची योजना घेऊन पारसशेठ स्वतः फाट्यावर आले. कचरूभाऊंनी टार्गेट ओलांडलं होतं. सगळं घर हसतंखेळतं असलं की माणूस धंदा बरा करतो. शेटजींनी बाकावर बसायला म्हणून पाऊल टाकलं, कडेपाशी थबकले आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

"कचरूशेठ, लोकांनी लई मागणी केली म्हणून कंपनी पुन्हा व्हिएतनामच काढून राह्यली. तोच रूट, तेच हॉटेल, तोच गाइड. तुमचं नाव टाकलंय मी."

कचरूभाऊ काउंटरवरच्या पावत्यांची चवड नीट लावायला लागले.

"ज्याला जायचं नसेल त्याला डबल दरवाजाचा फ्रीज. पण तुम्ही तर येणारच. मागच्या टायमाला तुम्हाला किती आवडलं होतं!"

"आवडलं होतं."

"मग टाकू ना पक्कं?"

तोच रस्ता, तोच पूल, फुकट. कचरूभाऊंनी घराच्या दिशेने पाहिलं. आतून पोरीच्या पायातल्या वाळ्यांचा आवाज येत होता. ती धरून धरून उभी राहायला लागली होती.

"फ्रीज टाका," ते म्हणाले.

"फ्रीज आहे की तुमच्याकडं. मी पाणी प्यालोय त्यातलं!"

"लहान पडून राह्यला."

पारसशेठनी खांदे उडवले आणि लिहून घेतलं. आठ दिवसांनी टेम्पो आला. दोन हमाल तो उंच खोका घेऊन बाकासमोरून जाताना म्हातारीने पाय आवरून घेतले, त्यांना वाट दिली. हमालांना कशासाठी ते कळलं नाही, पण त्या जागी दोघेही आपोआप जरा बाजूने गेले.

टेम्पो गेल्यावर कचरूभाऊ काउंटरच्या बाहेर आले. इतक्या दिवसांत ते तिच्या शेजारी कधी बसले नव्हते. बसले. तिथं ओलं नव्हतं. नुसतं गार होतं. तिला कुठली भाषा कळते याचा विचार त्यांनी केला आणि सोडून दिला.

"आज्जी," ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "पोरीला नीट चालू द्या. पुढल्या हंगामाला बघू."

वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांना ते ओळखू आलं. तीस वर्षं काउंटरच्या पलीकडच्या उधारीवाल्यांकडून त्यांनी हेच ऐकलं होतं, याच आवाजात, अशीच नजर चुकवून. हे वाक्य म्हणणारा माणूस कधी देतो आणि कधी देत नाही, हे फाट्यावर त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

म्हातारीने मान हलवली. बरं, म्हणाल्यासारखी.